सीओपीडीची उसळी आणि मृत्यूच्या धोक्याचा अंदाज

सीओपीडी हा फुफ्फुसांतल्या श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा आणि वायुकोश झिजवणारा आजार. वर्षानुवर्षे तो हळूहळू वाढत राहतो; पण मधूनच असे दिवस येतात की दम एकाएकी वाढतो, खोकला रात्रभर झोपू देत नाही, बेडका जास्त पडतो आणि त्याचा रंग पिवळा-हिरवा होतो. घरची माणसे म्हणतात, दमा उसळला. या उसळीची शास्त्रीय व्याख्या अनेकदा बदलली. कॅनडातील अँथनिसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली वाढलेला दम, वाढलेला बेडका आणि बेडक्यातला पू ही तीन लक्षणे धरली. २०२१ च्या रोम प्रस्तावाने दम किंवा खोकला-कफ १४ दिवसांच्या आत वाढलेला असावा अशी मर्यादा घातली आणि तीव्रता ठरवण्यासाठी श्वासांचा वेग, नाडी, ऑक्सिजनचे प्रमाण, रक्तातील दाह दाखवणारे सीआरपी अशी मोजता येणारी मापे दिली. बहुतेक उसळ्या घरच्या घरी ओसरतात. काहींना रुग्णालय गाठावे लागते आणि दाखल झालेल्यांपैकी काही परत घरी येत नाहीत. ते कोण असतील, हे दाखल होतानाच कितपत सांगता येते, हा इथला प्रश्न आहे.

सरासरी सांगणे सोपे आहे. इंग्लंडच्या ईशान्य भागातील दोन रुग्णालयांत २००८ ते २०१० या काळात उसळीमुळे दाखल झालेल्या ९२० रुग्णांपैकी १०.४ टक्के रुग्णालयातच दगावले. अमेरिकेतील पाच रुग्णालयांतील १,०१६ रुग्ण अधिक गंभीर होते. सर्वांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचलेला होता. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ११ टक्के रुग्णालयात मरण पावले, सहा महिन्यांत हा आकडा ३३ टक्क्यांवर आणि दोन वर्षांत ४९ टक्क्यांवर गेला. डिस्चार्ज मिळाला म्हणजे धोका टळला असे नाही, हे या आकड्यांतून स्पष्ट दिसते. मात्र 'दहातला एक जातो' हे उत्तर खाटेपाशी उभ्या असलेल्या डॉक्टरच्या कामाचे नाही. त्याला या एका रुग्णाला वॉर्डात ठेवायचे, मास्कद्वारे श्वासाला आधार देणारे यंत्र म्हणजे बायपॅप लावायचा, आयसीयूत हलवायचे की दोन दिवसांनी औषधे समजावून घरी पाठवायचे, हे ठरवायचे असते. आयसीयूची खाट जिथे सहज मिळत नाही तिथे एकाला दिलेली खाट दुसऱ्याला नाकारलेली असते. म्हणून अंदाज चांगला असणे ही न्यायाचीही बाब ठरते.

अनुभवी डॉक्टरला हे नुसत्या नजरेने कळते, असा समज आहे. ब्रिटनमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तो तपासून पाहिला. सीओपीडी किंवा दम्यामुळे अतिदक्षता विभागात आलेल्या ८३२ रुग्णांपैकी प्रत्येकाबद्दल डॉक्टरांना विचारले गेले, की हा रुग्ण १८० दिवसांनी जिवंत असण्याची शक्यता किती. त्यांचा अंदाज सरासरी ४९ टक्के होता. प्रत्यक्षात ६२ टक्के जगले. ज्या पंचमांश रुग्णांबद्दल सर्वांत जास्त निराशा होती, त्यांच्यापैकी १० टक्केच जगतील असे डॉक्टरांना वाटले होते आणि जगले ४० टक्के. ही चूक गंभीर आहे, कारण ती स्वतःला झाकून टाकते. निराशेपोटी व्हेंटिलेटर नाकारला की रुग्ण जातो, भाकीत खरे ठरल्यासारखे दिसते आणि ते चुकीचे होते हे कोणालाच कळत नाही. दाखल होतानाच्या नोंदींवरून धोका मोजणाऱ्या गुणांकाची खरी गरज इथे आहे.

परदेशात तयार झालेला असा गुणांक भारतात, उदाहरणार्थ बंगळुरूत, वापरण्याआधी इथला रुग्ण कोण, हे पाहावे लागते. बंगळुरू, चंडीगड, दिल्ली आणि कानपूर या चार ठिकाणी ३५ वर्षांवरील ३५,२९५ लोकांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यात सीओपीडीचे प्रमाण ४.१ टक्के निघाले. ती पाहणी प्रश्नावलीवर बेतलेली होती. फुंकून पाहण्याची, म्हणजे स्पायरोमेट्रीची चाचणी सर्वांची झालेली नव्हती, त्यामुळे हा आकडा कमीतकमी समजावा. इथला आजार केवळ विडी-सिगारेटचा नाही. म्हैसूर जिल्ह्यातील ग्रामीण स्त्रियांच्या अभ्यासात डॉ. महेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुलीपुढचे रोजचे तास गुणिले वर्षे असा निर्देशांक मांडला आणि तो ६० च्या पुढे गेला की जुनाट ब्रॉंकायटिसचा धोका ठळकपणे वाढतो असे २०१३ साली दाखवले. रोज चार तास याप्रमाणे पंधरा वर्षे चुलीपुढे बसलेली बाई त्या रेषेवर पोहोचते. खेड्यातल्या बायका ही रेषा तिशी-पस्तिशीतच गाठतात. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये काम करताना डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे जगाचे लक्ष वेधले. २०१६ साली भारतात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज होता, आणि देशातील दर १०० मृत्यूंपैकी जवळजवळ ११ दीर्घकालीन श्वसनविकारांमुळे होत होते.

इथल्या सीओपीडीचे दुसरे कारण क्षयरोग. बरा झालेला क्षयसुद्धा फुफ्फुसात व्रण आणि अरुंद झालेल्या श्वासनलिका मागे ठेवून जातो. क्षयरोगाच्याच संदर्भात बंगळुरूने फुफ्फुसाच्या आजाराच्या मृत्यूचा हिशेब फार पूर्वी मांडलेला आहे. १९५९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेने १९६१ ते १९६८ या काळात बंगळुरू जिल्ह्यातील ११९ खेड्यांमध्ये त्याच लोकसंख्येची पुन्हा पुन्हा तपासणी केली. १९७४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या या अभ्यासाने दाखवले, की बेडक्यात जंतू सापडलेल्यांपैकी पाच वर्षांत जवळजवळ निम्मे मरण पावले, साधारण एक तृतीयांश आपोआप जंतुमुक्त झाले आणि उरलेले जंतू बाहेर टाकत राहिले. आजाराची नैसर्गिक वाटचाल सांगताना हे आकडे आजही जगभर दिले जातात. त्यामागची पद्धत साधी होती. एक गट ठरवायचा, त्यातल्या प्रत्येकाची सुरुवातीची स्थिती लिहायची आणि पुढे काय झाले ते घरी जाऊन पाहायचे. मृत्यूचा कोणताही विश्वासार्ह गुणांक याच मार्गाने तयार होतो.

उसळीच्या मृत्यूसाठी आज सर्वाधिक वापरला जाणारा गुणांक म्हणजे डिकॅफ. स्टीअर, गिब्सन आणि बर्क यांनी तो २०१२ साली वर उल्लेखलेल्या ९२० इंग्लिश रुग्णांवरून तयार केला. दाखल होतानाच्या अनेक नोंदींपैकी कोणत्या नोंदी मृत्यूशी स्वतंत्रपणे निगडित आहेत हे संख्याशास्त्राने तपासल्यावर पाच उरल्या. दम, रक्तातील इओसिनोफिल पेशींची घट, छातीच्या एक्स-रेमध्ये न्यूमोनियाचा डाग, रक्ताची वाढलेली आम्लता आणि एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची विशिष्ट अनियमितता. दमाला दोनपर्यंत गुण आणि बाकी चारांना प्रत्येकी एक, असे एकूण सहा. शून्य किंवा एक गुण असलेल्यांपैकी १.४ टक्के, दोन गुणांच्यांपैकी ८.४ टक्के आणि तीन किंवा अधिक गुणांच्यांपैकी ३४.६ टक्के रुग्णालयात मरण पावले. १०.४ या सरासरीखाली इतकी वेगवेगळी माणसे होती. पुढे २०१६ साली ब्रिटनमधील सहा रुग्णालयांतल्या १,७२५ नव्या रुग्णांवर हा गुणांक पडताळला गेला आणि तिथेही टिकला.

या पाचांमध्ये सर्वांत बोलका आहे तो दम, आणि त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. इथे आजची धाप मोजायची नसते. गेल्या तीन महिन्यांत रुग्ण बरा होता तेव्हा त्याची अवस्था काय होती, एवढेच विचारायचे असते. कोणाच्या मदतीशिवाय घराबाहेर पडता येत नव्हते, पण आंघोळ किंवा कपडे स्वतःचे स्वतः जमत होते, तर एक गुण. आंघोळ आणि कपडे या दोन्हींसाठी मदत लागत होती, तर दोन. फुफ्फुसांची झीज, स्नायूंची झीज, हृदयावरचा ताण, वय, खाण्यापिण्याची आबाळ हे सगळे त्या एका उत्तरात येते. आज कॅज्युअल्टीत आलेल्या रुग्णाकडे किती शिल्लक आहे, हे आजच्या तपासणीपेक्षा गेल्या तीन महिन्यांची दिनचर्या जास्त चांगले सांगते.

इओसिनोफिल पेशी तीव्र संसर्गात आणि शरीरावर मोठा ताण आला असता रक्तातून कमी होतात. दर मायक्रोलिटरला ५० पेक्षा कमी असल्या की एक गुण. साध्या रक्ततपासणीत मिळणारा हा आकडा पूर्वी सहसा कोणी पाहत नसे. रक्ताचा पीएच ७.३० च्या खाली गेला तर फुफ्फुसे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकू शकत नाहीत आणि मूत्रपिंडांनाही भरपाई करायला वेळ मिळालेला नाही, असा अर्थ होतो. न्यूमोनियाचा डाग आणि हृदयाची अनियमितता यांचा अर्थ उघड आहे.

बंगळुरूच्या वॉर्डात हे पाचही निकष जसेच्या तसे लागू होतीलच असे नाही. दमाचा प्रश्नच पाहावा. आपल्याकडे सासऱ्यांना आंघोळीचे पाणी काढून देणे, सदरा घालायला मदत करणे हे सून किंवा मुलगा गरज नसतानाही करतो. तसेच कित्येक म्हाताऱ्या बायका दम नसतानाही एकट्या घराबाहेर पडत नाहीत. 'मदत घेतात का' असे विचारले तर गुण वाढतो आणि 'मदत नसेल तर जमेल का' असे विचारले तर तो खरा येतो. हा प्रश्न कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, मराठी अशा सर्व भाषांत एकाच अर्थाने विचारला जायला हवा. इओसिनोफिलच्या बाबतीत अडचण आणखी मोठी आहे. रुग्ण मोठ्या रुग्णालयात येण्याआधी गल्लीतल्या दवाखान्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेऊन आलेला असतो, आणि स्टिरॉइडने या पेशी काही तासांतच कमी होतात. अशा वेळी आकडा आजाराचा नसतो, इंजेक्शनचा असतो. दुसऱ्या बाजूने आतड्यातील जंत आणि ॲलर्जी यांमुळे इथे अनेकांच्या रक्तात या पेशी मुळातच जास्त असतात. एक्स-रेमध्ये जुन्या क्षयाचे व्रण नव्या न्यूमोनियासारखे दिसू शकतात. जुनी फिल्म शेजारी ठेवल्याशिवाय निर्णय घेणे कठीण. एट्रियल फिब्रिलेशन हे मुख्यतः वयाबरोबर वाढते, आणि इंग्लंडमधील रुग्णांचे सरासरी वय सत्तरीच्या पुढचे होते. इथे त्याहून तरुण रुग्ण मोठ्या संख्येने येतात. भारतातील काही वैद्यकीय महाविद्यालयांनी डिकॅफ वापरून पाहिला आहे आणि एकंदर दिशा तीच दिसते, पण हे अभ्यास एकेका रुग्णालयातले आणि लहान आहेत.

धमनीतले रक्त काढून पीएच मोजण्याची सोय तालुक्याच्या ठिकाणी बहुधा नसते. तिथे बीएपी-६५ हा दुसरा गुणांक उपयोगी पडतो: रक्तातील युरियाचे वाढलेले प्रमाण, मानसिक स्थितीतला बदल, मिनिटाला १०९ किंवा अधिक नाडी आणि ६५ किंवा अधिक वय. तो अमेरिकेतील ८८ हजारांवर रुग्णांवर तपासला गेला आहे. न्यूमोनियासाठी बनवलेला कर्ब-६५ सीओपीडीला लावण्याची सवय मात्र सोडलेली बरी; तो या कामासाठी बनलेलाच नाही आणि डिकॅफइतका नेमका ठरलेला नाही. बोड हा २००४ सालचा निर्देशांकही इथे गैरलागू आहे. त्यात वजन, फुंकण्याची क्षमता, दम आणि सहा मिनिटांत चाललेले अंतर यांवरून पुढच्या काही वर्षांचा धोका सांगितला जातो. तो स्थिर रुग्णासाठी आहे, खाटेवर धापा टाकणाऱ्या रुग्णासाठी नाही.

धोका कळल्यावर काय करायचे, यातच गुणांकाची किंमत आहे. कमी गुण असलेल्यांना लवकर घरी पाठवता येते. २०१८ साली ब्रिटनमध्ये शून्य किंवा एक गुण असलेल्या ११८ रुग्णांपैकी काहींना रुग्णालयात आणि काहींना परिचारिकांच्या देखरेखीखाली घरीच ठेवून उपचार केले गेले. ९० दिवसांत दोन्ही गटांत प्रत्येकी एकच मृत्यू झाला. जास्त गुण असलेल्यांसाठी पहिले काही तास निर्णायक असतात. पीएच ७.३५ च्या खाली असेल तर बायपॅप लवकर लावावा लागतो. ब्रिटनमधील साध्या वॉर्डांत २००० साली झालेल्या चाचणीत त्यामुळे रुग्णालयातील मृत्यू २० वरून १० टक्क्यांवर आले. एखाद्या रुग्णाला 'गुण जास्त' म्हणून हा उपचार नाकारणे म्हणजे गुणांकाचा उलटा अर्थ लावणे होय.

ऑक्सिजनबद्दल थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण इथे चूक अँब्युलन्समध्येच सुरू होते. धाप दिसली की मास्क पूर्ण उघडण्याची पद्धत आहे. ऑस्ट्रेलियातील टास्मानियात ४०५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत भरमसाट ऑक्सिजन दिलेल्यांपैकी ९ टक्के मरण पावले आणि ८८ ते ९२ टक्के संपृक्तता राहील इतकाच मोजून दिलेल्यांपैकी ४ टक्के. जादा ऑक्सिजनने या रुग्णांत कार्बन डायऑक्साइड साचतो आणि रक्ताची आम्लता वाढते. म्हणजे डिकॅफचा एक गुण उपचारानेच चढतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर काळ्या त्वचेच्या माणसांत ऑक्सिजन प्रत्यक्षाहून जास्त दाखवू शकतो, हे २०२० च्या एका अमेरिकी अभ्यासाने दाखवले. बंगळुरू समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून उंच असल्यामुळे मुंबईच्या तुलनेत इथे रक्तातील ऑक्सिजनचा दाब थोडा कमीच असतो. निरोगी माणसाला ते जाणवत नाही, पण काठावरच्या रुग्णात एका आकड्यावर विसंबू नये, एवढे यातून कळते.

मृत्यू फुफ्फुसांमुळेच होतो असेही नाही. सीओपीडीची उसळी म्हणून दाखल होऊन २४ तासांत मरण पावलेल्या ४३ रुग्णांच्या शवविच्छेदनाचा अहवाल २००९ साली आला. त्यात हृदय निकामी होणे हे ३७ टक्क्यांत, न्यूमोनिया २८ टक्क्यांत आणि फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकणे २१ टक्क्यांत मृत्यूचे मुख्य कारण निघाले. ज्या रुग्णाचा गुण चढा आहे आणि नेहमीच्या औषधांनी जो सुधारत नाही, त्याचा इसीजी, इको आणि गुठळीची तपासणी टाळू नये.

घरच्यांशी काय बोलायचे, हा प्रश्न गुणांक आपोआप सोडवत नाही. 'अठ्ठेचाळीस तास क्रिटिकल आहेत' हे वाक्य आपल्या रुग्णालयांत सर्रास ऐकू येते आणि त्यातून नातेवाइकांच्या हाती काहीच लागत नाही. त्यापेक्षा 'अशा अवस्थेतले शंभर रुग्ण आले तर पस्तीसेक दगावतात आणि पासष्टेक वाचतात. हे कोणत्या बाजूला जातील ते आज कोणालाच सांगता येणार नाही' हे सांगणे खरे आणि समजण्याजोगे आहे. गुणांक गटाबद्दल बोलतो, माणसाबद्दल नाही. घशात नळी घालायची का, किती दिवस झुंजायचे, ही चर्चा रुग्ण शुद्धीत आणि बरा असताना, त्याच्याशीच व्हायला हवी. कॅज्युअल्टीच्या दारात मुलाकडून सही घेताना ती होत नसते.

डिस्चार्जनंतरचा काळ आजवर सर्वांत दुर्लक्षित राहिला आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील ७३ हजारांवर रुग्णांच्या नोंदींवरून २०१२ साली दिसले, की मृत्यूचा दर दाखल झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात शिखरावर असतो आणि तो उतरायला तीन महिने लागतात. शिवाय प्रत्येक नव्या मोठ्या उसळीनंतर पुढची उसळी अधिक लवकर येते. त्या तीन महिन्यांत इनहेलर नीट ओढता येतो का हे डोळ्यांसमोर पाहणे, फ्लू आणि न्यूमोकॉकसची लस, विडी आणि चूल या दोन्हींपासून सुटका, फुफ्फुसांच्या व्यायामाचा कार्यक्रम आणि ऑक्सिजन कायम कमी असलेल्यांना घरी दिवसाला किमान १५ तास ऑक्सिजन, एवढे केले तर फरक पडतो. घरच्या ऑक्सिजनने आयुष्य वाढते हे ब्रिटनच्या १९८१ च्या चाचणीत सिद्ध झाले: पाच वर्षांत ऑक्सिजन घेणाऱ्या ४२ पैकी १९ जण गेले, न घेणाऱ्या ४५ पैकी ३०. ज्यांचा कार्बन डायऑक्साइड उसळी ओसरल्यावर दोन ते चार आठवड्यांनीही चढाच राहतो, त्यांना घरी रात्री श्वासयंत्र दिल्यास वर्षभरात पुन्हा दाखल होण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण ८० वरून ६३ टक्क्यांवर येते, असे २०१७ साली दिसले.

बंगळुरूला स्वतःचा पडताळलेला गुणांक हवा, आणि तो मिळवण्यासाठी लागणारे सर्व काही शहरात आहे. राजीव गांधी छातीरोग संस्था, सेंट जॉन्स, व्हिक्टोरिया, बोरिंग यांसारख्या रुग्णालयांत असे रुग्ण बाराही महिने येतात. त्यांत तुमकुरू आणि कोलारचे शेतमजूर असतात, रामनगर-शिडलघट्टच्या रेशीमकोश उकळणाऱ्या भट्ट्यांवर आयुष्य गेलेले कामगार असतात आणि शहरातले विडी ओढणारे वृद्धही. प्रत्येकाच्या दाखलपत्रावर पाच गोष्टी लिहिल्या जाव्यात: गेल्या तीन महिन्यांत बरा असतानाची दमाची स्थिती, आधी स्टिरॉइड घेतले होते का या नोंदीसह इओसिनोफिलचा आकडा, जुन्या फिल्मशी ताडलेला एक्स-रे, पीएच आणि इसीजी. त्यांच्याबरोबर क्षयाचा आणि चुलीचा इतिहास लिहावा, आणि ३० दिवसांनी व एक वर्षाने घरी फोन करून रुग्ण हयात आहे का ते विचारावे. शहरातील वैद्यकीय महाविद्यालयांनी एकत्र येऊन हे काम हाती घ्यावे. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, एक समान तक्ता आणि तो भरणारी माणसे लागतात.